ये-जा

होळकरांच्या आश्रयाने माळव्यात आलेल्या आमच्या घराण्याने सहा-सात पिढ्यांत पुष्कळ काही सोडले. बोलण्यात हिंदी शब्द शिरले, न्याहारीला पोह्यांबरोबर जिलेबी आली, आणि मराठीत एम.ए. होऊनही माझे निम्मे आयुष्य सरकारी शाळेत हिंदी शिकवण्यात गेले. परंतु घरातून बाहेर पडताना 'जातो' म्हणावयाचे नाही, 'येतो' म्हणावयाचे, हा दंडक काही सुटला नाही. लहानपणी माझ्या तोंडून 'जातो' निघालेच तर आजी मला ओसरीवर घटकाभर बसवून ठेवी आणि 'येतो' म्हणवून मगच सोडी. मग शाळेची घंटा होऊन गेली तरी तिला त्याची पर्वा नसे.

या दंडकाची आठवण होण्यास निमित्त झाले चिरंजीवांच्या पत्राचे. पत्र म्हणजे आजच्या रीतीप्रमाणे भ्रमणध्वनीवर आलेल्या चार ओळी. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याचे त्याने मेलबर्नमध्ये बसून वाचले होते. 'आज ना उद्या माझे विमान तिथेच उतरेल,' त्याने लिहिले होते, 'तुम्हांला सहारचा रस्ता विसरावा लागणार.' त्याने हे थट्टेने लिहिले, हे मला कळते. पण सहारचा रस्ता विसरणे माझ्याने होणार नाही. आमच्या कुटुंबाचे तीन-चार मोठे प्रसंग त्या रस्त्याच्या टोकाशी घडले आहेत.

मुंबईचे विमान प्रथम सहारला उतरले नाही, हे वाचकांस ठाऊक असेलच. १९२८ साली जुहूच्या किनाऱ्यालगत देशातील पहिला नागरी विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आले, ते जुहूलाच. पुढे दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझचा लष्करी तळ मोठा झाला. युद्ध संपल्यावर नागरी विमाने तेथे गेली आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी परदेशी उड्डाणांसाठी सहार गावाच्या बाजूस निराळी इमारत उभी राहिली. १९९९ साली या विमानतळास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. नावातील 'महाराज' हा शब्द मात्र २०१८ साली जोडला गेला. इतक्या अवाढव्य शहराच्या या विमानतळाला धावपट्ट्या दोनच, आणि त्याही एकमेकींना छेदून जाणाऱ्या. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. तरीही २०१८ साली येथे एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली. आपल्या भाषेची गंमत पहा, ती 'ये-जा' म्हणते. 'ये' आधी, 'जा' मागून.

मी सहारला प्रथम गेलो तो १९८२ साली, बारा वर्षांचा असताना. माझे काका कुवेतला एका कंपनीत वीजतंत्री म्हणून निघाले होते. इंदूरहून छोट्या लाइनीने पाताळपाणी आणि कालाकुंडचा घाट उतरून खंडवा, आणि तेथून मोठ्या गाडीने दादर, असा तो प्रवास. एका माणसाला पोचवायला आम्ही चौदाजण गेलो होतो. विमानतळावर पाहतो तो आमचे चौदा म्हणजे काहीच नव्हेत. कोणी मलबारचे, कोणी हैदराबादचे, कोणी रत्नागिरीचे. एकेका प्रवाशाभोवती सारे गाव लोटलेले. हार, नारळ, दोरीने आवळलेल्या वळकट्या, आणि कडेवर झोपी गेलेली मुले. पोचवणाऱ्यांना तिकीट काढून आत जाता येई. आजीने आपल्या पिशवीतून चिमुकली स्टीलची डबी काढली आणि काकांच्या तळहातावर दही घातले. 'येतो म्हण,' ती म्हणाली. काका ओशाळले, कारण आजूबाजूचे लोक पाहत होते. पण म्हणाले, 'आई, येतो.' माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, काकांहून सात वर्षांनी मोठे. ते बाजूला तोंड करून उभे राहिले होते.

त्यानंतर काका दोन-तीनदा रजेवर येऊन गेले. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले आणि त्यांच्याकडून काहीच कळेनासे झाले. अण्णा तेव्हा एका कापडगिरणीत लेखनिक होते. रोज रात्री आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की घरात कोणी भांडे वाजवीत नसे. काका बगदादमार्गे बसने जॉर्डनच्या सीमेवर पोचले, काही दिवस छावणीत राहिले आणि अम्मानहून विमानात चढले. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर १९९० या काळात एअर इंडियाच्या विमानांनी ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून अधिक माणसे मायदेशी आणली. त्या लाखातील एक आमचे काका. त्यांना उतरवून घेण्यास अण्णा एकटेच मुंबईस गेले. काका बाहेर आले ते एका हातपिशवीनिशी. आठ वर्षांच्या मिळकतीपैकी तेवढेच सोबत आले होते. घरी आल्यावर अण्णांनी एकच वाक्य उच्चारले, 'आईच्या दह्याने आणला.' अण्णा देवभोळे नव्हते. पण हे मात्र त्यांनी अगदी मनापासून मानले. आजी गेल्यावर ती डबी त्यांनी आपल्या कपाटात ठेवून घेतली.

आता दुसरा प्रसंग. जुलै २०१९, आषाढी होऊन दोनच दिवस झाले होते. चिरंजीव पुढील शिक्षणासाठी मेलबर्नला निघाला. अण्णा तेव्हा ऐंशीच्या घरात. 'एवढी दगदग कशाला?' असे सर्वांनी विनवले, पण ते ऐकेनात. अवंतिकेने आम्ही आदल्या दिवशी बोरीवलीस उतरलो, गोरेगावला मावसभावाकडे राहिलो, आणि पहाटे वहिनींकडून मागून घेतलेले दही अण्णांनी त्या डबीत भरले.

सहारची जुनी इमारत आता उरली नव्हती. तिच्या जागी २०१४ च्या फेब्रुवारीत वापरात आलेली नवी वास्तू उभी होती. उंच रस्ता थेट चौथ्या मजल्याच्या दारापर्यंत जातो. तेथे पांढरेशुभ्र खांब वर जाऊन छतात पसरतात, आणि छतावर मोराच्या पिसाऱ्यातील डोळ्यांची आठवण करून देणारी नक्षी. अण्णा मान वर करून पाहत राहिले. 'राजवाड्याहून मोठे दिसते,' म्हणाले. पण दारापाशी बंदूकधारी जवान होता. तिकीट आणि पारपत्र असेल त्यानेच आत जावयाचे. पोचवणाऱ्यांचा प्रदेश तेथेच संपत होता. यात कोणाचाच दोष नव्हता. काळच तसा आला आहे. परंतु अण्णांच्या मनात १९८२ सालचा विमानतळ होता. आत जाऊ, एखाद्या बाकावर बसू, मग निवांतपणे दही देऊ, असा त्यांचा हिशेब. ते पिशवीत डबी चाचपडत असतानाच मागच्या गाडीने भोंगा वाजवला, रांग पुढे सरकली, मुलाने घाईघाईने वाकून नमस्कार केला, आणि 'चला आजोबा, जातो!' असे म्हणून तो काचेच्या दारातून आत गेलासुद्धा. आतून त्याने हात हलवला, तो आम्हांला दिसला. अण्णांना दिसला की नाही, कोणास ठाऊक. त्यांच्या एका हातात डबी होती आणि दुसऱ्या हातात झाकण.

परतीची गाडी संध्याकाळची. पाऊस भुरभुरत होता. अण्णांना चहा हवा होता म्हणून रिक्षावाल्याने आम्हांला सहार गावात नेले. त्या क्षणापर्यंत 'सहार' हे गावाचे नाव आहे, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती! अरुंद गल्ल्या, कौलारू घरे, वळणावर झेंडूचा हार घातलेला दगडी क्रूस. एका घराच्या पायरीवर अण्णा टेकले, तोच आतून एक वृद्ध बाई बाहेर आल्या आणि 'वर येऊन बसा, पायरी ओली आहे,' असे चक्क मराठीत म्हणाल्या. त्या ईस्ट इंडियन. उत्तर कोकणातील या मूळच्या ख्रिस्ती समाजाने हे नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतले. परंतु घरातील बोली मराठीच. मराठी म्हणून आपली मोजदाद होत नाही याचे दुःख आम्हां इंदूरकरांना पुष्कळ असते. त्या घरात बसल्यावर वाटले, हे दुःख काही आमचे एकट्याचे नव्हे.

बाईंनी काळा चहा दिला. त्यांच्या लहानपणी जेथे भाताची खाचरे होती, तेथे आता विमाने उभी राहतात, असे त्या सांगत होत्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान जाई. त्या बोलणे थांबवीत, आणि आवाज विरला की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करीत. मिठी नदी या विमानतळाच्या मुख्य धावपट्टीखालून वाहते, हे मी पूर्वी वाचले होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि विमानतळ पाण्याने बंद पडला, तेव्हा खाली नदी आहे ही गोष्ट सगळ्या शहराला आठवली. नदीला निदान पूर येतो. गाव मात्र आपले असणे असे कोणाला कळवणार? लाखो माणसे त्याचे नाव घेऊन देशोदेशी जातात, आणि गावात पाऊल कोणी टाकीत नाही.

निघताना बाई म्हणाल्या, 'पुन्हा या.' अण्णा काठी टेकून उठले, हात जोडले आणि म्हणाले, 'येतो.' सकाळपासून त्यांच्या घशात अडकलेला शब्द होता तो. रिक्षात बसल्यावर मला हळूच म्हणाले, 'जातो म्हणाला रे.' त्यानंतर इंदूर येईपर्यंत ते त्याविषयी काही बोलले नाहीत. सौ. डबी घासायला घेऊ लागली तेव्हा मात्र त्यांनी ती स्वतः विसळली, पुसली आणि कपाटात ठेवली. 'तो आला की लागेल,' म्हणाले.

पुढे २०२० साल उजाडले. २३ मार्चपासून देशातील नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबली. ऑस्ट्रेलियानेही २० मार्चलाच दारे लावून घेतली होती. परदेशी विद्यार्थी एकदा देशाबाहेर पडला की त्याला परत प्रवेश मिळेल याची शाश्वती नव्हती. खास विमाने चालू होती. म्हणजे येता आले असते. पुन्हा जाता आले नसते. दिवाळीनंतर अण्णांनी अंथरूण धरले. मुलाचा फोन आला, 'बाबा, मी तिकीट पाहतो.' त्याच्या शिक्षणाचे आठ महिने उरले होते. कर्जाचे हप्ते माझ्या डोळ्यांपुढे होते. मी शिक्षक माणूस. इतरांच्या मुलांना तीस वर्षे 'अभ्यास अर्धवट टाकू नका' असे सांगत आलेला. मी म्हणालो, 'येऊ नकोस.'

ज्या घरात 'जातो' म्हणण्याचीही बंदी, त्या घरात हे शब्द माझ्या तोंडून निघाले. आणि येथवरच थांबलो असतो तर तेही मी सोसले असते. दोन दिवसांनी अण्णांनी विचारले, 'काय म्हणाला? येतोय?' मी म्हणालो, 'परीक्षा आहे. जमणार नाही म्हणाला.' अण्णा थोडा वेळ छताकडे पाहत राहिले आणि म्हणाले, 'बरोबर आहे. अभ्यास आधी.' त्यानंतर अकराव्या दिवशी ते गेले. नातवाने येण्याची तयारी दाखवली होती, हे त्यांना कधीच कळले नाही. न येण्याचा दोष मी माझ्या मुलाच्या माथी मारला, आणि तोही अशा माणसापाशी की ज्याच्याकडून तो नंतर काढून घेता येणार नव्हता.

२७ मार्च २०२२ रोजी नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे पुन्हा सुरू झाली आणि मे महिन्यात चिरंजीव आला. आगमनाच्या दारासमोर कठड्याला टेकून आम्ही दोघे उभे होतो. वर प्रस्थानाच्या दारापाशी जेवढी घाई, तेवढाच येथे धीर. हातांत नावांच्या पाट्या घेतलेले चालक, फुगे धरलेली मुले, आणि दार उघडले की एकदम उंच होणाऱ्या माना. तो बाहेर आला, आईला भेटला, आणि माझ्या मागे कोणाला तरी शोधल्यासारखे त्याने पाहिले. क्षणभरच. मग त्याच्याच ते ध्यानात आले.

इंदूरला जाताना गाडीत रात्री मी त्याला सगळे सांगितले. तो खिडकीबाहेर पाहत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, 'बाबा, तुम्ही येऊ नकोस म्हणालात तेव्हा मला बरे वाटले होते. ते मला जास्त टोचते.' यावर मी काय बोलणार? आम्ही दोघे जागे होतो आणि दोघेही झोपेचे सोंग घेऊन पडलो होतो.

जूनमध्ये तो परत निघाला. या वेळी मी मोटार चौथ्या मजल्यावर चढण्यापूर्वीच रस्त्याच्या कडेला थांबवावयास सांगितली आणि डबी काढली. त्याने काही न विचारता हात पुढे केला. दारापाशी गर्दी होती. 'जातो' म्हणाला की 'येतो' म्हणाला, मला ऐकू आले नाही. मी मात्र, आजूबाजूचे लोक पाहत असताना, मोठ्याने म्हणालो, 'ये.'

सौ.ला गोरेगावला पाठवून मी एकटाच सहार गावात गेलो. क्रूसावर हार होता. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला पाहून जरा वेळाने ओळख पटली. 'वडील नाही आले?' त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी कपाळी आणि छातीशी क्रूसाची खूण केली, तेवढ्यात विमान आले, आणि आम्ही दोघे ते जाईपर्यंत गप्प राहिलो. निघताना त्या म्हणाल्या, 'पुन्हा या.' मी म्हणालो, 'येतो.'

आता नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. त्याचा आकार कमळासारखा आहे म्हणतात. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावे उठवून दुसरीकडे वसवली. १९८४ साली तेथील शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोविरुद्ध लढा दिला. गोळीबारात पाच माणसे गेली, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्यातून आले. त्याच दि. बां.चे नाव या विमानतळास मिळावे म्हणून तेथील लोक झगडले. विमान चढले-उतरले की त्या उठलेल्या गावांवरूनच जाणार. 'पुन्हा या' म्हणणारी एखादी म्हातारी तेथेही नव्या घराच्या पायरीवर बसली असेल.

पूर्वी पाहुण्याला पोचवायला आपण वेशीपर्यंत जात असू. आज ती वेस काचेची झाली आहे आणि तिच्यावर पहारा आहे. पण वेशीच्या अलीकडे उभ्या राहिलेल्याचे काम बदललेले नाही. 'येतो' म्हणावे की नाही, हे जाणाऱ्याच्या हाती असते. 'ये' म्हणण्याचे काम आपले, आणि ते मी एकदा चुकवले आहे.

चिरंजीवांच्या त्या चार ओळींना मी उत्तर धाडले. सहारचा रस्ता पाठ आहे, उलव्याचाही पाठ करीन, असे लिहिले. खाली एकच शब्द लिहिला: ये.